विजयदुर्गावरील 'साहेबाचे कट्टे' : एका कथेची चिकित्सा आणि एका स्थळाचे रक्षण

१

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीच्या मुखाशी, विजयदुर्गचा किल्ला उभा आहे. आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे म्हणून आणि १७५६ मध्ये इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांकडून तो घेतला या घटनेमुळे मराठ्यांच्या इतिहासात त्याचे स्थान ठरलेले आहे. परंतु या किल्ल्याच्या आत दगडी बांधणीचे काही कट्टे आहेत व त्यांचा संबंध आरमाराशी नाही. गावकरी त्यांना 'साहेबाचे कट्टे' म्हणतात. त्यांच्याविषयी एक कथा सांगितली जाते, वृत्तपत्रांतून छापली जाते आणि पर्यटकांच्या माहितीपुस्तिकांतही आढळते. दि. १८ ऑगस्ट १८६८ रोजी झालेले खग्रास सूर्यग्रहण जोसेफ नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने या कट्ट्यांवरून पाहिले आणि तेथेच हेलियम या मूलद्रव्याचा शोध लागला, अशी ही कथा होय. अलीकडच्या काळात १८ ऑगस्ट हा दिवस तेथे हेलियम-दिन म्हणून साजरा होतो, आणि या जागेचे जतन होऊन तेथे विज्ञानाचे संग्रहालय व्हावे अशी इच्छा वेळोवेळी व्यक्त होते.

या इच्छेत दोन प्रश्न मिसळले आहेत. कथा खरी आहे काय, हा पहिला प्रश्न. स्थळ जतन करण्यास पात्र आहे काय, हा दुसरा. सामान्यतः दोहोंचे उत्तर एकच असते असे गृहीत धरले जाते. कथेवर विश्वास असणारे स्थळाचा आग्रह धरतात, आणि कथेतील चूक ध्यानी आलेले अभ्यासक स्थळाविषयीही उदासीन होतात. प्रस्तुत लेखात हे दोन प्रश्न वेगळे करावयाचे आहेत. पहिल्याचे उत्तर नकारार्थी आहे, दुसऱ्याचे होकारार्थी. आणि पहिला नकार स्पष्टपणे उच्चारल्यावाचून दुसरा होकार टिकाऊ होणार नाही, असे येथील प्रतिपादन आहे.

२

प्रथम पुराव्याकडे वळावे. १८६८ चे ग्रहण हे दीर्घकाळ टिकणाऱ्या खग्रास ग्रहणांपैकी एक होते आणि त्याची छाया भारतीय द्वीपकल्पावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे गेली. वर्णपटदर्शक हे उपकरण सूर्यग्रहणाच्या अभ्यासासाठी या प्रसंगी प्रथमच मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. त्या दिवशी कोण कोठे होते याची नोंद पक्की आहे. फ्रेंच ज्योतिर्विद पिएर जान्सन हे गुंटूर येथे होते. मेजर टेनंट यांचे पथकही गुंटूर येथेच होते. लेफ्टनंट जॉन हर्शेल हे पटवर्धनांच्या जमखंडी येथे, तर मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन हे मच्छलीपट्टण येथे होते. या यादीत लॉकियर यांचे नाव नाही, कारण ते त्या वेळी भारतात नव्हतेच. ते लंडनला होते व तेथील युद्धखात्यात कारकुनी करीत होते. ज्योतिषाचा व्यासंग ते नोकरी सांभाळून करीत.

लॉकियर यांच्या कार्याची कालरेषा याहून निराळी आहे. ग्रहणावाचूनही सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहता येईल, ही कल्पना त्यांनी १८६६ मध्ये मांडली होती. त्यासाठी हवे असलेले उपकरण तयार होण्यास विलंब लागला. ते १८६८ च्या ऑक्टोबरच्या मध्यास हाती आले आणि दि. २० ऑक्टोबर रोजी त्यांना सौरज्वालेच्या तेजस्वी रेषा दिसल्या. इकडे गुंटूरला जान्सन यांना ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे १९ ऑगस्टला, हीच गोष्ट साधली होती. परंतु त्यांनी आपले पत्र सप्टेंबरात लिहिले व ते समुद्रमार्गे पॅरिसला पोचण्यास वेळ लागला. दोघांचीही निवेदने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी, २६ ऑक्टोबर १८६८ रोजी, आली. फ्रेंच सरकारने पुढे १८७२ मध्ये दोघांच्या मुद्रा असलेले एक पदक पाडले. या योगायोगामुळे १८६८, भारत, ग्रहण आणि लॉकियर ही चार पदे विज्ञानाच्या इतिहासात जवळजवळ लिहिली जाऊ लागली. ती एकत्र वाचणाऱ्यास 'लॉकियर १८६८ मध्ये ग्रहणासाठी भारतात होते' असे वाटणे अस्वाभाविक नाही. तथापि ते खरे नाही.

लॉकियर यांनी पाहिलेली खग्रास ग्रहणेही माहीत आहेत. १८७० च्या डिसेंबरात ते सिसिलीला गेले. १८७१ च्या डिसेंबरात ते प्रथम भारतात आले, आणि तेव्हा त्यांनी निवडलेली जागा होती मलबारच्या किनाऱ्यावरील बेकलचा किल्ला. विजयदुर्गला ते आले दि. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्या वेळी ते साठी ओलांडलेले, नुकताच 'सर' हा किताब मिळालेले, 'नेचर' या नियतकालिकाचे संस्थापक-संपादक म्हणून जगाला माहीत असलेले गृहस्थ होते. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरील दोन किल्ले आणि या एकाच व्यक्तीच्या दोन भेटी, यांच्यामध्ये सव्वीस वर्षे आहेत. आणि दोहोंपैकी एकही भेट १८६८ ची नाही.

येथे आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. १८६८ च्या ग्रहणात भारतात वर्णपट पाहणाऱ्या निरीक्षकांनाही हेलियम 'सापडले' असे म्हणता येत नाही. ज्वालांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा अनेकांना दिसली, पण सोडियमच्या पिवळ्या रेषांशी ती इतकी निकट होती की, बहुतेकांनी ती सोडियमचीच मानली. सोडियमच्या दोन रेषांची तरंगलांबी सुमारे ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटर आहे, तर या नव्या रेषेची सुमारे ५८७.६. ग्रहणाच्या काही मिनिटांत, हाताशी असलेल्या साधनांनी, हा फरक निश्चित करणे अवघड होते. पॉगसन यांना ती रेषा सोडियमच्या जागी नेमकी बसत नसल्याची शंका आली, पण शंकेच्या पलीकडे ते गेले नाहीत. ती रेषा सोडियमची नाही हे ठामपणे दाखविणे लॉकियर यांना साधले, कारण त्यांना ग्रहणाची घाई नव्हती. लंडनच्या आकाशात सूर्य दिसेल तेव्हा पुन्हा पुन्हा मोजमाप घेता येत होते. तेव्हा १८ ऑगस्ट ही तारीख, काटेकोरपणे पाहता, विजयदुर्गची तर नाहीच, परंतु गुंटूरलाही हेलियमचा जन्मदिवस म्हणून देता येत नाही.

३

इतकी पक्की माहिती उपलब्ध असता कथा टिकून का राहते? गावाचा अभिमान, पर्यटनाची आशा ही कारणे सर्वांस सुचणारी आहेत. परंतु एक कारण भाषेत आहे व त्याकडे लक्ष दिले गेलेले नाही.

'हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला' हे वाक्य घ्यावे. मराठीत 'शोध' या एका नामापासून तीन क्रियापदबंध होतात : शोध घेणे, शोध लावणे आणि शोध लागणे. 'घेणे' मध्ये प्रयत्न आहे, फलप्राप्ती नाही. 'लावणे' मध्ये कर्ता आहे व फळही आहे. 'लागणे' मध्ये मात्र केवळ फळ आहे. ठेच लागते, भूक लागते, पत्ता लागतो, तसाच शोध लागतो : कर्ता सांगावा लागत नाही, प्रयत्नाचा काळ सांगावा लागत नाही, आणि घटना एका क्षणात पुरी होते. विजयदुर्गच्या वाक्यात हाच तिसरा बंध आहे. त्यामुळे 'कोणी', 'केव्हापासून', 'कशावरून' हे प्रश्न व्याकरणानेच अनावश्यक ठरविले आहेत. उरतो तो केवळ स्थलवाचक शब्द. ऐकणाऱ्यास वाक्य पूर्ण वाटते आणि पुढे विचारावेसे वाटत नाही.

दुसरे असे की, आधी असलेली वस्तू प्रथम आढळणे आणि नसलेली वस्तू नव्याने घडविणे यांतील भेद मराठीतील 'शोध' हा शब्द करीत नाही. कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला आणि बेलने दूरध्वनीचा शोध लावला, ही दोन्ही वाक्ये सारखीच शुद्ध आहेत. हिंदीत दुसऱ्या अर्थी 'आविष्कार' हा शब्द रुळला आहे. मराठीत तो शब्द कलेच्या प्रकटीकरणाकडे गेला. परिणामी विज्ञानाच्या इतिहासातील ज्या घटनांना अनेक पायऱ्या असतात त्या मराठी वाक्यात एकाच शब्दाखाली गोळा होतात. हा भाषेचा दोष म्हणता येणार नाही. प्रत्येक भाषा काही भेद शब्दांत ठेवते व काही संदर्भावर सोडते. पण संदर्भ पुरविणे हे ज्यांचे काम, म्हणजे इतिहासलेखक, संग्रहालयकार व शिक्षक यांचे, त्यांनी ते केले नाही म्हणजे शब्द त्यांच्या वतीने निर्णय घेतो.

हेलियमच्या बाबतीत या पायऱ्या वेगळ्या करून पाहाव्या. १८६८ मध्ये पिवळी रेषा दिसली. त्याच वर्षाच्या अखेरीस ती सोडियमहून निराळी असल्याचे आढळले. नंतरच्या दोन-तीन वर्षांत, रसायनज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासह केलेल्या प्रयोगांतून, ती हायड्रोजनचीही नसावी असे ठरत गेले. १८७१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात विल्यम थॉमसन यांनी 'हेलियम' या नावाचा उल्लेख केला. अनेक रसायनज्ञांनी या सूर्यस्थ द्रव्याचे अस्तित्व मानले नाही. अखेर १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांना क्लीव्हाइट या खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा दिसली, आणि द्रव्य पृथ्वीवर सापडले. दिसली, निराळी ठरली, नाव मिळाले, नाकारले गेले, सापडले : पाच क्रियापदे व सत्तावीस वर्षे. यांतील कोणत्या क्रियापदाला 'शोध' म्हणावे हे सांगितल्याखेरीज 'शोध कोठे लागला' या प्रश्नास उत्तर नाही.

नावाचाही येथे विचार करण्याजोगा आहे. 'हेलिऑस' म्हणजे ग्रीक भाषेत सूर्य. त्यास 'इयम' हा प्रत्यय लावला तो सोडियम, लिथियम यांच्या धर्तीवर, म्हणजे हे द्रव्य धातू असावे या समजुतीने. ती समजूत चुकीची ठरली. रॅमसे यांनी पुढे शोधलेल्या त्याच कुळातील वायूंना निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन अशी 'ऑन' प्रत्ययान्त नावे मिळाली; हेलियम मात्र धातूच्या वेषात राहिले. कोणीही ते नाव बदलले नाही. विद्यार्थ्यास नाव शिकवावयाचे आणि त्यामागील चूकही सांगावयाची, असा मार्ग विज्ञानाने स्वीकारला. विजयदुर्गच्या कट्ट्यांनाही हाच मार्ग लागू पडतो.

कारण 'साहेबाचे कट्टे' या स्थलनामात असत्य काहीच नाही. त्या नावात वर्ष नाही, हेलियम नाही, लॉकियर यांचे नावही नाही. एक साहेब आला होता आणि त्याच्यासाठी कट्टे बांधले गेले, इतकेच त्या नावात आहे. 'कट्टा' हा शब्दही बोलका आहे. ज्यावर उपकरण स्थिर ठेवावयाचे तो दगडी चौथरा गावाच्या भाषेत बसावयाच्या कट्ट्यात जमा झाला. उपकरण निघून गेल्यावर वस्तूचा उपयोग विसरला गेला आणि आकार तेवढा नावात उरला. लोकस्मृतीने जे प्रत्यक्ष पाहिले तेवढेच जपले. १८६८ हे वर्ष व हेलियमचे नाव ही भर पुस्तकी आहे. तेव्हा चिकित्सेचा रोख गावकऱ्यांच्या स्मृतीवर नसून तिच्यावर चढविलेल्या छापील पुटावर असला पाहिजे.

४

पूट काढल्यावर खाली काय उरते? उरते ते १८९८ चे ग्रहण, आणि ते लहान नाही.

त्या वर्षीच्या २२ जानेवारीला चंद्राची छाया कोकणच्या किनाऱ्यावर उतरून महाराष्ट्र ओलांडीत ईशान्येस गेली. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटे टिकणार होती. या दोन मिनिटांसाठी निरनिराळ्या देशांची पथके आली. विजयदुर्गला लॉकियर, सोलापूरच्या लोहमार्गावरील जेऊर येथे अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल, वर्ध्याजवळच्या पुलगावला न्यूअल व कॅप्टन हिल्स, वऱ्हाडातील तळणीला ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचे पथक. या शेवटच्या पथकात मॉन्डर दांपत्य होते आणि अ‍ॅनी मॉन्डर यांनी तेथे सूर्याच्या किरीटातून दूरवर गेलेल्या किरणाचे छायाचित्र घेतले. त्याच ठिकाणी जॉन एव्हरशेड होते. पुढे कोडाईकॅनल वेधशाळेचे संचालक झालेले आणि सूर्यडागांतील वायूंच्या गतीविषयीच्या संशोधनामुळे ज्यांचे नाव राहिले ते हेच.

जेऊरला आणखी एक पथक होते व मराठी वाचकाने ते विसरू नये. पुण्याच्या सायन्स कॉलेजात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभारलेली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा होती. तिचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी जेऊरला जाऊन हे ग्रहण अभ्यासिले आणि त्याचा अहवाल पुढे मुंबईस प्रसिद्ध केला. परदेशी पथकांच्या शेजारी, त्यांच्यासारख्याच प्रश्नांवर, भारतीय ज्योतिर्विद स्वतःच्या वेधशाळेच्या नावाने काम करीत होता.

विजयदुर्गचे काम कसे चालले हेही लिखित आहे. लॉकियर, 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेचे कप्तान चिझम-बॅटन आणि कलकत्त्याचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर पेडलर यांच्या नावे त्याचा वृत्तान्त रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. नौकेवरील अधिकारी व खलाशी यांना निरनिराळ्या कामांची तालीम देऊन निरीक्षक बनविण्यात आले होते. कोणी किरीटाची रेखाटने करावयाची, कोणी वेळ मोजावयाचा, कोणी काचा बदलावयाच्या. मुख्य साधन होते लोलक बसविलेला कॅमेरा. सूर्य पूर्ण झाकला जाण्याच्या व पुन्हा उघडण्याच्या क्षणी वर्णगोलाची अतिशय बारीक कोर दिसते आणि तिचा वर्णपट तेजस्वी कमानींच्या रूपाने काचेवर उमटतो. हे दृश्य काही सेकंदांचेच असते. एवढ्या वेळात उपकरण थरथरले की काच वाया गेली. त्यासाठी पक्का, जमिनीत बसलेला, हादरा न घेणारा दगडी चौथरा लागतो. किल्ल्यातील कट्ट्यांचे प्रयोजन हे आहे.

या कामाचे हेलियमशी नातेही आहे, मात्र ते कथेत सांगतात त्याहून वेगळे. रॅमसे यांना हेलियम सापडून तीन वर्षे झाली होती. ज्या रेषेवरून लॉकियर यांनी लंडनमध्ये बसून एका अज्ञात द्रव्याचे अनुमान केले, ते द्रव्य आता प्रयोगशाळेतील नळीत भरून पाहता येत होते. तेव्हा विजयदुर्गला ते आले ते अनुमान खरे ठरल्यानंतर. सूर्याच्या वर्णगोलाचा वर्णपट व पृथ्वीवरील द्रव्यांचा वर्णपट यांचा ताळा पाहण्यासाठी. विज्ञानात शोध लागल्यानंतरचे हे काम शोधाइतकेच महत्त्वाचे असते, पण त्याची स्मारके क्वचितच होतात.

या ग्रहणाला महाराष्ट्राची स्वतःची पार्श्वभूमीही होती. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मराठी ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. दीक्षित कोकणातील मुरूडचे. ग्रहण झाले त्याच वर्षी ते निवर्तले. वेदकालनिर्णयावर 'ओरायन' लिहिणारे टिळक त्या जानेवारीत राजद्रोहाच्या शिक्षेमुळे तुरुंगात होते. मुंबई इलाख्यात प्लेगचे थैमान चालू होते. पंचांगाचे गणित, नवे भौतिकशास्त्र, परकीय सत्ता आणि रोगराई ही चारही एकाच छायेखाली आलेली अशी दुसरी घटना सहजासहजी सापडावयाची नाही. १८६८ च्या खोट्या तारखेने आजवर झाकून टाकले ते हे सर्व.

५

या भूमिकेवर तीन आक्षेप संभवतात.

पहिला असा की, 'हेलियमची जन्मभूमी' हे बिरुद गेल्यावर स्थळाकडे कोणी फिरकणार नाही. आक्षेप व्यावहारिक आहे, म्हणून उत्तरही व्यवहाराचे द्यावे. ब्राझीलमधील सोब्राल या गावी १९१९ चे ग्रहण पाहण्यासाठी इंग्रज पथक गेले होते. आइन्स्टाइन यांच्या सिद्धान्ताची कसोटी त्या ग्रहणात झाली. सिद्धान्त सोब्रालमध्ये जन्मला, असे कोणी म्हणत नाही. तरीही तेथे १९९९ मध्ये ग्रहणाचे संग्रहालय झाले. स्वतः लॉकियर यांनी १९१२ मध्ये इंग्लंडात सिडमथ येथे उभारलेली वेधशाळा आज हौशी अभ्यासकांच्या संस्थेमार्फत लोकांना खुली आहे. तेथेही हेलियमचा शोध लागलेला नाही. उलट ज्या संग्रहालयाच्या मुख्य फलकावरील विधान कोणताही जिज्ञासू विद्यार्थी अर्ध्या तासात खोडून काढू शकतो, त्या संग्रहालयाच्या उरलेल्या सर्व फलकांवरील विश्वासही त्याच अर्ध्या तासात जातो. आणि ज्या स्थळाची प्रतिष्ठा एका चुकीवर उभी आहे त्याला पैसा व संरक्षण देणाऱ्या अधिकाऱ्यास, ती चूक उघड झाल्यावर, हात काढून घेण्यास आयतेच कारण मिळते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. किल्ला मराठ्यांच्या आरमाराचा. त्यात परकीय राज्यकर्त्यांनी बांधलेले चौथरे का जपावे? जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूदृश्याचा भाग म्हणून बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्यांत विजयदुर्ग आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु जेथे किल्ल्याचे मोल लष्करी वास्तू म्हणून ठरविले जाते, तेथे जे लष्करी नाही आणि मराठाकालीनही नाही ते दुय्यम समजले जाण्याचा धोका असतो. साफसफाई, पुनर्बांधणी, रस्ता किंवा बाग यांच्या ओघात असे चौथरे नाहीसे होतात, आणि तसे झाल्याची कोणास खंतही वाटत नाही. किल्ल्याच्या तटाचा काही भाग २०२० च्या पावसाळ्यात ढासळला होता. दुरुस्तीचे काम निघेल तेव्हा कोणता दगड महत्त्वाचा व कोणता नाही याचा निर्णय कोणीतरी घेणारच. तो निर्णय अज्ञानाने होऊ नये. एखाद्या वास्तूत एकापेक्षा अधिक काळांचे थर असणे ही तिची अशुद्धता नव्हे. संहितेच्या अभ्यासात ज्याप्रमाणे मूळ पाठ तपासताना समासातील टीप पुसून टाकीत नाहीत, तर ती कोणत्या हाताची व कोणत्या काळाची हे नोंदवितात, त्याप्रमाणे येथेही करावयास पाहिजे.

तिसरा आक्षेप असा की, १८९८ च्या निरीक्षणातून युगप्रवर्तक असे काही निष्पन्न झाले नाही. हे मान्य करूनही प्रश्न उरतो : विज्ञानाची स्मारके केवळ युगप्रवर्तनाचीच असावीत काय? तसे मानले तर विद्यार्थ्याच्या मनात विज्ञान म्हणजे काही थोड्या प्रतिभावंतांना अकस्मात 'लागलेले शोध' अशी प्रतिमा दृढ होते. विजयदुर्गचे कट्टे याउलट शिकवितात. कित्येक आठवड्यांची तयारी, दोन मिनिटांचे निरीक्षण आणि पुढे कित्येक महिन्यांचे मोजमाप हेच विज्ञानाचे नित्याचे रूप आहे.

६

जतन न केल्यास काय होते याचे उदाहरण दूर शोधावयास नको. नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर पुण्याची वेधशाळाही बंद झाली. तिची वीस इंची परावर्तक दुर्बीण, जी आपल्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती, कोडाईकॅनलला गेली. उपकरणाला नवे घर मिळाले, पण पुण्यात त्या कार्याची जागा दाखविणारे स्मारक राहिले नाही. आणि जागेबरोबर नावही मागे पडले. पुण्यातील विज्ञानाच्या पदवीधरांपैकी किती जणांना नायगमवाला हे नाव ठाऊक असेल, याचा विचार केला म्हणजे स्थळ नष्ट होण्याचा अर्थ कळतो. ग्रहणाच्या छावण्यांची स्थिती तर याहून नाजूक असते. त्या मुळातच तात्पुरत्या. तंबू उतरले, पेट्या भरल्या, की मागे काही उरत नाही. विजयदुर्गला काही उरले आहे, हेच त्या स्थळाचे वैशिष्ट्य होय.

म्हणून संग्रहालयाचे पहिले काम इमारत बांधण्याचे नसून मोजमापाचे आहे. प्रत्येक कट्ट्याची लांबी, रुंदी, उंची व दिशा यांची नोंद करून ती रॉयल सोसायटीच्या वृत्तान्तातील उपकरणांच्या मांडणीशी ताडून पाहावी. कोणत्या चौथऱ्यावर कोणते साधन होते हे त्यावरून ठरवावे. ही तुलना होईपर्यंत कट्ट्यांना सिमेंटचा गिलावा, फरशी वा कठडा यांपैकी काहीही लावू नये. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असल्याने या कामासाठी नवा कायदा लागत नाही. खात्याच्या नोंदीत कट्ट्यांचा स्वतंत्र उल्लेख व १८९८ हे वर्ष आले म्हणजे पुरे. भौतिकशास्त्र, इतिहास व मराठी या तिन्ही विभागांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एकत्र काम करता येईल असा विषय विद्यापीठांना याहून चांगला क्वचितच मिळेल.

दुसरे काम फलकांचे. तेथे 'शोध लागला' हा वाक्प्रयोग टाळावा आणि वर सांगितलेली पाच क्रियापदे पाच वर्षांसह, पाच ठिकाणांसह लिहावी. १८६८ ची कथा गाळू नये; ती कशी तयार झाली हे सांगणारा एक फलक असावा, कारण चुकीचा इतिहास हाही इतिहासाचाच भाग आहे. विजयदुर्ग, जेऊर, पुलगाव व तळणी ही ठाणी दाखविणारा नकाशा असावा, म्हणजे कोकणातील एका किल्ल्याची गोष्ट महाराष्ट्राची गोष्ट होईल. नायगमवाला यांच्यासाठी स्वतंत्र जागा असावी. आणि 'साहेबाचे कट्टे' हे नाव जसेच्या तसे ठेवावे. फक्त तो साहेब कोण व केव्हा आला, हे त्याखाली नीट लिहावे.

वार्षिक समारंभाचा प्रश्न उरतो. तो १८ ऑगस्टऐवजी २२ जानेवारीस घ्यावा, असे सुचविता येईल. कोकणात ऑगस्ट हा भर पावसाचा महिना, जानेवारीत आकाश निरभ्र असते. लॉकियर यांनी समुद्र ओलांडून ज्या आकाशासाठी प्रवास केला ते तेथे जमलेल्या मुलांना त्या दिवशी तरी दुर्बिणीतून पाहता येईल.

'शोध' या शब्दाचा मूळ धातू 'शुध्' आहे आणि त्याचा अर्थ शुद्ध करणे असा होतो. विजयदुर्गच्या बाबतीत दोन्ही अर्थांचे काम शिल्लक आहे. कथेचे शोधन आधी व्हावे. मग त्या दगडांचे रक्षण मागताना कोणालाही संकोच वाटण्याचे कारण राहणार नाही.